भाकरी, शेंगा, घाम आणि वही : सोलापुरातल्या नव्या खेळाडूसाठी

सोलापुरात तयारीला लागलेल्या पोराला पहिल्या आठवड्यातच तीन सल्ले मिळतात: रोज सोळाशे मीटर मार, सकाळी कच्ची अंडी पी, आणि जमलं तर प्रोटीन पावडरचा डबा घे. सल्ला देणारा मैदानावरचा सीनियर असतो, तालमीतला वस्ताद असतो, कधी जिमच्या काउंटरवरचा माणूस. त्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण क्रीडाविज्ञानात गेल्या काही दशकांत जे तपासलं गेलं, त्याच्याशी या तीनपैकी एकही सल्ला नीट जुळत नाही.

हा लेख पोलीस भरतीसाठी पळणाऱ्यांसाठी आहे. खो-खो खेळणाऱ्या मुलामुलींना, नव्याने तालमीत जाणाऱ्यांना आणि पहिली दहा किलोमीटरची शर्यत पळायचं ठरवलेल्यांनाही तो चालेल. पायऱ्या क्रमानेच घ्या. शेवटच्या पायऱ्यांकडे उडी मारायचा मोह होतो, कारण डबा तिथे आहे.

पायरी १ : वही, काटा, घड्याळ

पहिली खरेदी बुटांची करा, दुसरी शंभर पानी वहीची. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करून लिहा. रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर. पुढचा सगळा हिशेब, खाण्याचा आणि पाण्याचाही, या आकड्यावरून निघतो. 'खेळाडूने रोज इतकी अंडी खावीत' असं सरसकट वाक्य निरुपयोगी असतं. ५० किलोची खो-खोपटू आणि ८५ किलोचा पैलवान यांना एकच माप कसं पुरेल?

त्याच वहीत सराव झाल्यावर दोन आकडे लिहा: सराव किती मिनिटं चालला, आणि १० पैकी किती जड गेला. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या दिवसाचा भार. ४० मिनिटं, जडपणा ४, तर भार १६०. फुकटची पद्धत आहे, पण जगभरातले संघ ती वापरतात. आठवड्याची बेरीज एकदम दुप्पट झालेली दिसली, की नडगी दुखायची वाट न पाहता हात आखडता घ्या.

सुरुवातीला एकदाच पूर्ण जोर लावून तुमचं अंतर पळा, वेळ लिहा, आणि मग चार आठवडे तो प्रयोग पुन्हा करू नका.

पायरी २ : आधी हळू पळायला शिका

महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक असते. म्हणून पोरं रोज सकाळी सोळाशे मीटर जीव तोडून पळतात. पहिले तीन आठवडे वेळ सुधारते, मग अडकते, मग गुडघा बोलायला लागतो.

पाच-सहा मिनिटं चालणाऱ्या दौडीत लागणाऱ्या ऊर्जेचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग शरीर प्राणवायूच्या मदतीने तयार करतं. हे इंजिन वाढतं ते भरपूर सोप्या पळण्याने आणि थोड्या कठीण पळण्याने. लांब पल्ल्याच्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तर साधारण ८० टक्के सराव सोपाच आढळतो. सोपा म्हणजे किती? शेजारी पळणाऱ्याशी अख्खं वाक्य धाप न लागता बोलता आलं पाहिजे. एकेक शब्द तुटून येत असेल, तर वेग जास्त आहे. सीनियर मागे टाकून गेले तरी चालेल.

नवख्याचा आठवडा साधारण असा ठेवता येतो: दोन दिवस ३० ते ४० मिनिटं हळू, एक दिवस त्याहून थोडं लांब पण हळूच. एक दिवस ४०० मीटरच्या चार-पाच जोरदार फेऱ्या, मध्ये दोन-तीन मिनिटं चालत दम घ्यायचा. दोन दिवस ताकदीचे. शंभर मीटरचे स्प्रिंट आणि गोळा याच दिवशी उरका. एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे क्रिकेट नव्हे.

'दर आठवड्याला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये' हा नियम सगळीकडे ऐकू येतो. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पाचशेहून अधिक नवख्या धावपटूंचे दोन गट करून तो तपासला. हळूहळू वाढवणाऱ्या गटात आणि नेहमीच्या कार्यक्रमाच्या गटात दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, प्रत्येकी पाचातल्या एकाला. म्हणून वाटेल तसं वाढवा असा अर्थ नाही. दहाचा आकडा पवित्र नाही, एवढंच. तुमची वही आणि तुमच्या नडग्या जास्त खरं सांगतात.

ताकदीबद्दल तालमीची परंपरा आपल्याकडे आहे, आणि जोर-बैठका उत्तम व्यायाम आहेत. फक्त शंभराच्या पाचशे बैठका केल्या की दम वाढतो, ताकद फारशी वाढत नाही. ताकदीसाठी वजन वाढवावं लागतं: खांद्यावर वाळूची गोणी, हातात डंबेल, जे असेल ते. ५ ते १० वेळा उचलता येईल असं वजन, तीन-चार सेट, आठवड्यातून दोनदा.

सुरू करण्याआधी एकेक स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरला, तर त्यानंतर उडी आणि स्प्रिंट थोडे कमी पडतात असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. त्याऐवजी हलकं जॉगिंग, गुडघे वर उचलून पळणं, पाय झुलवणं करा. ताणून धरायचं ते सराव संपल्यावर. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्याला 'लॅक्टिक ॲसिड साचलं' म्हणू नका. ते सरावानंतर तासाभरात निघून जातं. दुखतं ते सवय नसलेल्या हालचालींनी स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेमुळे, आणि ते आपोआप जातं.

पायरी ३ : भाकरी कमी करू नका

तयारी सुरू झाली की पहिली कुऱ्हाड भाकरी-भातावर पडते, 'कार्ब' वाईट म्हणून. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला तो सल्ला कदाचित लागू असेल. रोज तासभर घाम गाळणाऱ्याला दर किलो वजनामागे साधारण ५ ते ७ ग्रॅम कर्बोदकं लागतात. हलका सराव असेल तर ३ ते ५ चालतात, दोन-तीन तासांचा कडक सराव असेल तर ६ ते १०. जोरात पळताना स्नायू हेच इंधन जाळतात, आणि स्नायूंतला त्याचा साठा मर्यादित असतो.

६० किलोच्या मुलाला म्हणजे ३०० ते ४२० ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. मध्यम भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरलं, तर पाच भाकऱ्यांतून २०० ग्रॅमच्या आसपास मिळतात. उरलेली भात, दूध, डाळ, केळी आणि गूळ यांतून सहज भरतात. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. तिच्या गावाशेजारी राहून ओट्सच्या पाकिटाला पैसे मोजायची काही गरज नाही. कडक भाकरी तर पिशवीत टाकून स्पर्धेला नेता येते.

एकच पथ्य: सरावाच्या अगदी आधी भाकरी नको, तंतुमय पदार्थ पोटात जड बसतात. त्या वेळी केळं, पोहे, गूळ बरा.

पायरी ४ : खरी तूट प्रथिनांची

आपल्या जेवणाचा अडचणीचा भाग इथे आहे. सामान्य माणसाला दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं प्रमाण आहे. खेळाडूला १.२ ते २ ग्रॅम लागतात. २०१८ मध्ये ४९ प्रयोगांची एकत्र छाननी झाली, तेव्हा ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांत साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंना सरासरी जादा फायदा दिसला नाही. म्हणून ६० किलोला सुमारे ९६ ग्रॅम हे लक्ष्य ठेवा.

आता ताट मोजू. पाच भाकऱ्यांतून ३० ग्रॅम. दिवसभरात ६० ग्रॅम कोरडी तूरडाळ शिजली तर १३. शेंगाचटणीत ३० ग्रॅम दाणे गेले तर ७. अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही, १६. मूठ-दीड मूठ फुटाणे, म्हणजे ५० ग्रॅम, त्यातून १० ते ११. तीन अंडी, १८. बेरीज ९५ च्या आसपास गेली, आणि डब्याचं झाकण अजून उघडलेलंच नाही. अंडी खात नसाल तर ३५ ग्रॅम सोयावडी त्यांची जागा भरते. कोरड्या सोयावडीत निम्म्याहून जास्त प्रथिनंच असतात.

अंडी मात्र शिजवून खा. कच्च्या अंड्यातली प्रथिनं शरीराला शिजवलेल्याच्या मानाने बरीच कमी मिळतात, आणि साल्मोनेला जिवाणूचा धोका वेगळा. सिनेमातल्या पैलवानाला काही होत नाही, कारण तो सिनेमात असतो.

ज्वारीची एक खोड माहीत असू द्या. तिच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो, आणि शिजवल्यावर ती प्रथिनं पचायलाही थोडी अवघड होतात. डाळीत लायसीन भरपूर असतं. म्हणजे भाकरीबरोबर नुसती चटणी किंवा पातळ आमटीचं पाणी असेल, तर कागदावरचे ३० ग्रॅम शरीरात तेवढे उतरत नाहीत. आमटी घट्ट करा, वाटी मोठी घ्या. पूर्ण शाकाहारी असाल तर लक्ष्य किलोमागे १.८ ग्रॅमच्या आसपास धरलेलं बरं.

सगळी प्रथिनं रात्रीच्या जेवणात ओतण्याऐवजी तीन-चार तासांच्या अंतराने चार वेळा घ्या, दर वेळी किलोमागे ०.३ ग्रॅम तरी. सरावानंतर अर्ध्या तासात नाही घेतली तर सगळं वाया, ही भीती पावडरचे डबे विकणाऱ्यांनी वाढवली आहे. तासा-दीड तासात घरी जाऊन नीट जेवलात तरी चालतं.

तालमीतल्या खुराकाचा विषय निघाला की थंडाई आणि बदाम येतातच. बदाम चांगलेच आहेत. पण १०० ग्रॅम बदामात साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २४. किमतीतला फरक किराणा दुकानात स्वतः विचारा. एकादशीला मात्र सावध राहा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. त्या दिवशी दाण्याची आमटी, भगर आणि दूध-दही वाढवा, आणि कडक सराव दुसऱ्या दिवशी ठेवा.

पायरी ५ : सोलापूरचं ऊन

पुस्तकातला बहुतेक सल्ला थंड देशांत लिहिलेला असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो, त्यामुळे 'मला घाम येत नाही' असं वाटतं. काटा खरं सांगतो. सरावाआधी आणि नंतर, कमीत कमी कपड्यांत, अंग पुसून वजन करा. ६० किलोचा मुलगा ५८.८ वर आला तर शरीराच्या वजनाच्या २ टक्के इतकं पाणी गेलं. साधारण याच रेषेच्या पुढे, विशेषतः उन्हात, दम कमी पडायला लागतो. मधे पाणी प्यायला असाल तर तेही हिशेबात धरा.

सरावाआधी दोन ते चार तास, किलोमागे ५ ते १० मिलिलिटर पाणी प्या. ६० किलोला ३०० ते ६०० मिलिलिटर. सरावानंतर गेलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर, पण एका दमात नाही, दोन-चार तासांत आणि जेवणाबरोबर. जेवणातल्या मिठामुळे पाणी अंगात टिकतं. मीठ घातलेलं ताक इथे फार उपयोगी.

तासाभराच्या आतल्या सरावाला साधं पाणी पुरतं. त्याहून लांब चाललं तर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर उपयोगी पडते, आणि ती घरच्या लिंबूसरबतातून मिळते: एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, पाव लहान चमचा मीठ, लिंबू. बाजारातल्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये रंग सोडला तर याहून फार वेगळं काही नसतं. उसाचा रस यापेक्षा बराच गोड असतो, तो पळताना नको, नंतर प्या. ओआरएस हे जुलाबासाठी बनवलेलं आहे. फार घाम गेल्यावर ते घेता येतं, पण पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात मिसळून. अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट ढवळणं धोक्याचं आहे.

उलटी चूकही होते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेवर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम घातक दिशेने उतरलेलं आढळलं. शर्यतीत वजन वाढणं, म्हणजे अति पाणी पिणं, हे त्यामागचं ठळक कारण होतं. पळून आल्यावर काट्यावरचा आकडा वाढलेला दिसला, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात.

शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं. मार्चच्या शेवटी सराव एकदम न वाढवता तेवढे दिवस हलका ठेवा, पहाटे उरका. पळता पळता कुणी बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजा. पहिलं काम अंग थंड करणं. गाडी मागवा, १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत नुसते उभे राहू नका. पाण्याच्या हौदात किंवा पिंपात गळ्यापर्यंत बसवा आणि डोकं धरून ठेवा. हौद नसेल तर ओले टॉवेल अंगभर टाका आणि सतत बदलत राहा. टॉवेलला सोलापुरात तोटा नाही.

पायरी ६ : वजन तोडणं आणि पाळी थांबणं

कुस्तीत गटासाठी वजन 'तोडताना' पोरं पाणी बंद करतात, जर्किनवर जर्किन चढवून उन्हात पळतात. १९९७ मध्ये अमेरिकेत सहा आठवड्यांच्या आत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर नेमके असेच मेले, आणि तिथले वजनाचे नियम बदलावे लागले. वजन खरंच कमी करायचं असेल तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास, प्रथिनं तशीच ठेवून, स्पर्धेच्या कित्येक आठवडे आधीपासून. वाढत्या वयाच्या पोराला वरच्या गटात खेळवणारा वस्ताद शहाणा समजावा.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून चुकते. सराव वाढला, जेवण तेवढंच राहिलं, आणि पाळी लांबली किंवा बंद झाली. मैदानावर याला 'बॉडी सेट होतेय' म्हणतात. तसं काही नसतं. शरीराला ऊर्जा पुरत नाही याची ती खूण आहे, आणि त्याने हाडं ठिसूळ होतात. हा प्रकार मुलांतही होतो, फक्त त्यांच्यात अशी उघड खूण दिसत नाही. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जा, आणि त्याआधीच एक भाकरी, मूठभर दाणे, पेलाभर दूध वाढवा.

दम लवकर लागतोय आणि सराव ठीक आहे, तर आधी हिमोग्लोबिन तपासा. प्रौढ स्त्रीत १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळल्याने लोह जास्त शोषलं जातं, जेवणाबरोबरच्या चहाने कमी. चहा तासभर लांबवा. गोळ्या डॉक्टर सांगतील तशा.

पायरी ७ : आता डबा

नवा डबा, नवी पावडर समोर आली की तीन प्रश्न विचारा. कुणावर तपासली? कशाशी तुलना केली? खर्च कुणी केला? 'मी घेतली, मला फरक पडला' हे उत्तर धरू नका. २००६ मधल्या एका छोट्या प्रयोगात सायकलपटूंना कॅफीन दिल्याचं सांगून प्रत्यक्षात काहीच दिलं नव्हतं, तरी 'जास्त डोस' मिळाला असं वाटणाऱ्यांनी जास्त जोर लावला. मनाचा असा हात असतो, म्हणून तुलनेला आत काहीच नसलेली खोटी पुडी लागते.

या चाळणीतून फार थोड्या गोष्टी उरतात. क्रिएटीन (स्नायूंत मुळातच असणारं, झटपट ऊर्जेसाठी लागणारं द्रव्य), रोज ३ ते ५ ग्रॅम: स्प्रिंट, गोळा, कुस्ती यांना उपयोगी. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा मुळात कमी असल्याने त्याला फरक जास्त जाणवू शकतो. पाण्यामुळे किलोभर वजन वाढतं, हे गट सांभाळणाऱ्या पैलवानाने लक्षात ठेवावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर घेऊ नका. कॅफीन, किलोमागे ३ मिलिग्रॅम, तासभर आधी: ६० किलोला १८० मिलिग्रॅम, म्हणजे टपरीच्या एका कटिंग चहाने भागत नाही. झोप उडत असेल तर सोडून द्या. अठराच्या आतल्यांनी दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. व्हे पावडर ही दुधातलीच प्रथिनं. ताटातून ९६ ग्रॅम होत नसतील तर सोय म्हणून ठीक, जादू नाही. बीसीएए (प्रथिनांतल्याच तीन अमिनो आम्लांची पावडर) ताटातली प्रथिनं पुरेशी असतील तर अनावश्यक. मास गेनरचा, म्हणजे वजन वाढवण्याच्या पावडरीचा, डबा उलटा करून मागचा तक्ता वाचा, बरीचशी साखर आणि स्टार्च निघते.

सुई, चरबी उतरवणारी म्हणून मिळणारी 'कटिंगची गोळी', बिनलेबलची पुडी यांना हात लावू नका. लेबलवर न लिहिलेली बंदी असलेली द्रव्यं अशा पावडरींत सापडली आहेत. जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. मला माहीत नव्हतं, हे चालत नाही. पैसे उरत असतील तर बूट चांगले घ्या.

झोपेला एक पैसा लागत नाही. प्रौढाला सात ते नऊ तास, शाळा-कॉलेजच्या वयात आठ ते दहा. पहाटे पाचला मैदान असेल तर मोबाइल नऊला बाजूला ठेवावा लागतो, त्याला इलाज नाही.

पायरी ८ : मैदानी चाचणीचा दिवस

त्या दिवशी नवं काही नको: नवे बूट नकोत, मित्राने दिलेली पावडर नको, लॉजखालची मिसळ नको. आदल्या रात्री भात-वरण, नेहमीइतकंच. पहाटे हजेरी असते आणि नंबर कधी कधी दुपारी लागतो, तेव्हा पिशवी घरूनच भरून न्या: चार केळी, राजगिऱ्याचे लाडू, गूळ, पाण्याच्या दोन बाटल्या, मिठासाखरेचं सरबत, टोपी. धावण्याच्या दोन-तीन तास आधी दोन केळी आणि लाडू, मग घोट घोट पाणी, आणि सावलीत बसून राहणं. नंबर जवळ आला की दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करा. एक प्रकार झाल्यावर पुढच्याला वेळ असेल, तर गुळाचा खडा आणि सरबत घ्या, आणि बसून न राहता चालत राहा. गोळ्याआधी हात कोरडे पुसा.